आहेर द्या एका वहीचा!

दोस्तांनो, तुळशीचं लग्न लागलं की काय होतं? बरोबर! घरोघरी लग्नपत्रिका यायला लागतात. कुणाच्या मावशीचं लग्न, कुणाच्या काकांचं, कुणाच्या शेजारच्या ताईचं. घरात नुसती धावपळ उडते. आई याद्या करते, बाबा मांडववाल्याला फोन करतात, आजी रुखवताचे डबे मोजते. आणि तुम्ही? तुम्हाला एकच वाक्य ऐकायला मिळतं, "अरे, मध्ये मध्ये करू नका!"

फार तर अक्षता वाटायचं काम मिळतं. ते पाच मिनिटांत संपतं. मग करायचं काय?

यंदा तुमच्या घरी लग्न असेल तर एक खरंखुरं काम अंगावर घ्या. नवरानवरीला तुमच्यातर्फे आहेर द्या, आणि तोही विकत आणलेला नाही, तर स्वतःच्या हातांनी केलेला. लग्नाला आलेल्या पाहुण्यांच्या हस्ताक्षरांची वही! त्यात आजोबांचं थरथरतं अक्षर असेल, मामाचा विनोद असेल, बाळाच्या हाताचा ठसा असेल. वही शिवणार तुम्ही आणि लिहून घेणारही तुम्हीच.

वह्या आपल्याकडे जुन्याच!

तुम्ही म्हणाल, "बाई, लग्नात वही असतेच की!" हो, असते. मांडवात एका कोपऱ्यात कुणीतरी काका चष्मा लावून बसलेले असतात. पाहुणा येतो, पाकीट देतो आणि काका लिहितात. नाव, गाव आणि रक्कम. ही आहेराची वही. पुढे त्या पाहुण्याच्या घरी कार्य निघालं की ही वही कपाटातून बाहेर येते, कारण त्यांनी केलेला आहेर आपणही तसाच परत करायचा असतो. हिशेबाला ती फार उपयोगी. पण पाहुणा हसून काय म्हणाला, ते तिच्यात कुठेच सापडत नाही.

दुसरी एक वही तर फारच मजेदार. नाशिक, त्र्यंबकेश्वर अशा तीर्थक्षेत्री तीर्थोपाध्याय असतात. यात्रेला आलेल्या माणसाचं नाव, गाव, वडील-आजोबांची नावं, बरोबर कोण आलंय, हे सगळं ते आपल्या वहीत उतरवून घेतात. हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं आहे. आपलं आडनाव आणि मूळ गाव सांगितलं की ते जुन्या वह्या काढून बसतात. आणि नशीब असेल तर पणजोबांनी तिथं केलेली सही आपल्याला बघायला मिळते! ज्यांना आपण कधी पाहिलंही नाही, त्यांनी खरोखर हातात लेखणी धरून काढलेलं ते अक्षर.

आणखी एक गोष्ट सांगते. चित्रपट दिग्दर्शक सत्यजित राय यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. ते लहान असताना आईबरोबर शांतिनिकेतनला गेले होते. हातात कोरी स्वाक्षरीची वही. रवींद्रनाथ ठाकुरांनी चटकन सही करून वही परत दिली का? नाही! त्यांनी ती ठेवून घेतली आणि दुसऱ्या दिवशी तिच्यात आठ ओळींची कविता लिहून दिली. हिचा अर्थ त्याला मोठेपणी कळेल, असंही ते म्हणाले.

यातून आपण काय घ्यायचं? माणसाला थोडा वेळ दिला की तो चांगलं लिहितो. घाईत सगळेच एक ओळ लिहितात, 'नांदा सौख्यभरे.' शंभर पानांवर शंभर वेळा हेच वाचायला कुणाला आवडेल?

मग लोकांकडून लिहून काय घ्यायचं?

कोरं पान पुढे केलं की मोठी माणसंसुद्धा गांगरतात. "आता काय लिहू बाई?" असं म्हणून पेन परत देतात. म्हणून प्रत्येक पानाच्या वर एक छोटा प्रश्न लिहून ठेवायचा. पाहुणा बघून पान द्यायचं. हे बघा काही प्रश्न:

• नवरी (किंवा नवरा) लहानपणी कशी होती? एखादी खोडी आठवते का?
• तुम्ही कुठून आलात? किती तास लागले? वाटेत काय खाल्लंत?
• तुमच्या लग्नाच्या पंगतीत काय होतं?
• तुम्ही तुमच्या लग्नात घेतलेला उखाणा कोणता? (हा प्रश्न सगळ्या काकू, मावशी, आत्यांना!)
• संसारात भांडण झालं तर पहिलं कोण बोलतं?
• तुमचं माहेरचं नाव काय?

शेवटचा प्रश्न वाचून थबकलात ना? तो प्रश्न मी काढलेला नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलीमुळे तो या यादीत आला. तिची गोष्ट ऐका.

पणजीचं पान

ही मुलगी तेव्हा चौथीत होती. तिच्या काकांचं लग्न होतं. वर्गात आम्ही सुट्या पानांची वही शिवायला शिकलो होतो, म्हणून तिनं पानं तयार करून नेली. हळदीच्या संध्याकाळी घर माणसांनी भरलेलं. पानं या हातातून त्या हातात फिरत होती. भिंतीला टेकून तिची पणजी बसली होती. तिच्याजवळ पान आलं की शेजारची बाई ते उचलून पुढच्या माणसाला द्यायची. कारण साधं होतं. पणजीला लिहिता येत नव्हतं. यात कुणाच्या मनात वाईट काही नव्हतं. पण पान तिच्यासमोरून पुढे जायचं.

हे त्या मुलीनं पाहिलं. ती पॅड घेऊन पणजीजवळ जाऊन बसली आणि म्हणाली, "तू सांग, मी लिहिते."

पणजी आधी "मला काय येतंय?" म्हणाली. मग हळूहळू बोलू लागली. तिचं लग्न झालं तेव्हा ती या मुलीहून फार मोठी नव्हती. मुलीनं तिचे शब्द जसेच्या तसे लिहिले, "अक्षता पडल्या तवा मी निजले व्हते. आयनं हालवून जागं केलं."

सगळं लिहून झालं. मुलीनं खाली पणजीचं नाव लिहिलं आणि वाचून दाखवलं. पणजी म्हणाली, "ह्ये न्हाई. माझं माहेरचं नाव लिही."

तुम्हाला माहीत असेल, पूर्वी बहुतेक घरांत लग्नाच्या वेळी नवरीचं नाव बदलायचे. ताटात तांदूळ पसरून त्यावर नवं नाव लिहायचे. काही घरांत अजूनही लिहितात. त्यानंतर सासरी सगळे त्या नव्या नावानंच हाक मारायचे. पणजीचंही तसंच झालं होतं. तिनं तिचं पहिलं नाव सांगितलं आणि आजूबाजूला बसलेली माणसं गप्प झाली. मुलं, सुना, नातवंडं यांतल्या कुणालाच ते माहीत नव्हतं! सत्तर वर्षांत ते कुणी विचारलंच नव्हतं.

ते नाव मी इथं लिहीत नाही, कारण ते त्या घरचं आहे. मुलीनं ते ठळक अक्षरांत लिहिलं. पणजीनं त्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "ह्यात पयलं अक्षर कंचं?"

मुलांनो, म्हणूनच सांगते, ही वही फक्त सह्या गोळा करायला नाही. लग्नात जी माणसं कोपऱ्यात बसलेली असतात, त्यांच्याजवळ जायला ती आहे. आणि तिथं तुम्हीच जाऊ शकता, कारण मोठ्यांना त्या दिवशी वेळ नसतो.

साहित्य

वही आधी शिवायची नाही. ही आपली युक्ती! सुटी पानं करायची, लिहून घ्यायची आणि शिवायचं लग्नानंतर. त्यामुळे एका वेळी चार-पाच जण लिहू शकतात. पान खराब झालं तर बाजूला काढता येतं. फोटोही नंतर घालता येतात.

जाड कागदाचे ए-फोर आकाराचे ३० ताव घ्या. प्रत्येक ताव मधोमध कापला की २१ × १४.८ सेंटिमीटरची ६० पानं होतात. पानं आडवी धरा. डाव्या बाजूला ३ सेंटिमीटरवर पेन्सिलीनं पुसट रेघ ओढा. ही जागा शिलाईची, इथं कुणी लिहायचं नाही.

कागद कसा घ्यावा? वर्तमानपत्राचा कागद आठवडाभर उन्हात राहिला की पिवळा पडतो, पाहिलंय ना? तो लाकडाच्या लगद्याचा असतो. लाकडातल्या लिग्निन नावाच्या पदार्थामुळे तो पिवळा आणि ठिसूळ होतो. सुती चिंध्यांपासून केलेला हातकागद मात्र पुष्कळ वर्षं टिकतो. गांधीजींच्या प्रेरणेनं पुण्यात १९४० साली हातकागद संस्था सुरू झाली. दौलताबादजवळच्या कागजीपुरा गावात तर शेकडो वर्षांपासून हातानं कागद करण्याची परंपरा आहे. महंमद तुघलकानं राजधानी दौलताबादला आणली तेव्हा कागद करणारे कारागीरही आले, असं तिथं सांगतात. हातकागद मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर चित्रकलेचा जाड कागद चालेल.

आता पेन. इथं एक प्रयोग करा. घरातली सगळी पेनं गोळा करा. शाईपेन, बॉलपेन, जेलपेन, स्केचपेन. एका कागदावर प्रत्येकानं एकेक ओळ लिहा. अर्ध्या कागदावर पुठ्ठा ठेवा आणि कागद १५ दिवस उन्हात ठेवा. मग पुठ्ठा काढून बघा, कोणती शाई किती उडाली. दुसरा तसाच कागद लिहून त्यावर पाण्याचे थेंब टाका. कोणती शाई पसरली? जे पेन दोन्ही परीक्षांत पास होईल, ते आपलं! आपल्या जुन्या पोथ्या काजळीच्या शाईनं लिहिलेल्या असत. काजळी म्हणजे कार्बन. तो उन्हानं उडत नाही. म्हणून त्या पोथ्या आजही वाचता येतात.

याशिवाय लागेल: दोन जाड पुठ्ठे, सुती कापड, फेविकॉल, जाड सुती दोरा, मोठी सुई, दाभण आणि मोजपट्टी. कापड नवं कशाला? नवरीच्या लहानपणीचा फ्रॉक, आजीचं जुनं लुगडं, खणाचा उरलेला तुकडा, यांतलं काहीही घ्या. मात्र विचारून! न विचारता आजीचं लुगडं कापलंत तर या वहीचं पहिलं पान तीच लिहील, आणि ते फार गोड नसेल!

लग्नाच्या दिवशी

खरं तर काम आधीच सुरू करा. केळवणाला आणि हळदीला माणसं निवांत असतात. तेव्हाच निम्मी पानं भरतील. ज्यांना विचार करून लिहायचं आहे त्यांना पान घरी न्यायला द्या आणि लग्नाच्या दिवशी आठवणीनं मागून घ्या.

लग्नाच्या दिवशी दोघांची जोडी करा. परीक्षेला नेतो ती चार-पाच पॅडं बरोबर ठेवा. पॅडला पान लावून दिलं की पाहुणे कुठंही बसून लिहू शकतात. एकानं पानं द्यायची, दुसऱ्यानं भरलेली पानं मिठाईच्या रिकाम्या खोक्यात ठेवायची. मंगलाष्टका चालू असताना कुणाजवळ जाऊ नका. स्टेजजवळही गर्दी करू नका. सगळ्यात चांगली वेळ कोणती, सांगू? पंगतीची वाट बघत बसलेली माणसं! त्यांना भूक लागलेली असते आणि काही काम नसतं. पण जेवून आलेल्यांना आधी हात कोरडे करायला सांगा, नाहीतर पानावर जिलबीच्या पाकाचा ठसा उमटेल.

ज्यांना लिहिता येत नाही किंवा हात थरथरतो, त्यांच्याजवळ बसा आणि ते सांगतील ते लिहा. त्यांच्याच बोलीत लिहा. 'व्हतं'चं 'होतं' करू नका. शुद्धलेखन तपासू नका. आणि हे तुम्हाला शाळेतली बाई सांगते आहे, बरं का! लिहून झालं की वाचून दाखवा. "आजी, असंच म्हणालात ना?" खाली सही हवी असेल तर "अंगठा द्या" असं चारचौघांत म्हणू नका. काहींना त्याची लाज वाटते. "सही करता, की ठसा उमटवू या?" असं हळूच विचारा.

तान्ह्या बाळांच्या हाताचा ठसा घ्यायची हौस असेल तर खायचा रंग पाण्यात कालवून घ्या आणि हात लगेच धुवा. हळदीचा ठसा छान दिसतो, पण हळदीचा रंग उन्हात उडून जातो. त्या ठशावर साबणाचं पाणी पडलं तर तो लालसर होतो, ही गंमत मात्र करून बघा.

आणि हो, या वहीत लिहिलेलं सगळे वाचणार आहेत, हे प्रत्येकाला आधी सांगा. कुणाला फक्त नवरानवरीसाठी लिहायचं असेल तर पान घडी करून पाकिटात घाला आणि ते पाकीट पानावर चिकटवा. ते आपण उघडायचं नाही. शपथ!

आता शिवू या

पानं क्रमानं लावा. सर्वांत वर लग्नपत्रिका चिकटवलेलं पान, मग केळवण, हळद, लग्न. फोटो चिकटवणार असाल तर वही फुगेल. म्हणून दर दोन-तीन पानांनंतर शिलाईच्या बाजूला २ सेंटिमीटर रुंदीची कागदाची पट्टी घाला. सेलोटेप मात्र लावू नका. काही वर्षांनी तो पिवळा पडतो आणि कागदावर डाग ठेवून जातो.

१. पुठ्ठे २१.५ × १५.४ सेंटिमीटर या मापाचे हवेत. दोन्हींच्या डाव्या बाजूची २ सेंटिमीटरची पट्टी कापून वेगळी करा. आणखी अर्धा सेंटिमीटर कापून टाकून द्या. कापायचं काम मोठ्यांकडून करून घ्या.

२. कापड उलटं पसरा. त्यावर पट्टी, मग अर्धा सेंटिमीटर मोकळी जागा, मग मोठा तुकडा असं चिकटवा. मोकळ्या जागेमुळे कव्हर दुमडतं. चारी बाजूंनी अडीच सेंटिमीटर कापड आत वळवून चिकटवा. आतून कागद लावा. रात्रभर जड पुस्तकांखाली ठेवा.

३. एका कागदी पट्टीवर चार भोकांच्या खुणा करा. कडेपासून १ सेंटिमीटर आत, आणि वरून २, ५.८, ९.६ आणि १३.४ सेंटिमीटरवर. ही पट्टी ठेवून पाच-पाच पानांना दाभणानं भोकं पाडा. मग कव्हरना. इथंही कुणीतरी मोठं माणूस जवळ हवं.

४. दीड मीटर दोरा घ्या आणि मेणबत्तीवर घासा, म्हणजे गुंता होत नाही. दुसऱ्या भोकातून सुई खालून वर काढा. मागे वीतभर दोरा सोडा. दोरा कण्याला वळसा घालून पुन्हा त्याच भोकातून खालून वर काढा. आता तिसऱ्या भोकात वरून खाली जा, वळसा घाला, पुन्हा खाली. चौथ्यात खालून वर, वळसा, पुन्हा वर. मग वहीच्या खालच्या कडेलाही एक वळसा घालून पुन्हा वर.

५. आता परत फिरा. तिसऱ्यात खाली, दुसऱ्यात वर, पहिल्यात खाली. पहिल्या भोकाला कण्याचा आणि वरच्या कडेचा असे दोन वळसे द्या. खालून दुसऱ्या भोकापाशी या आणि सोडलेल्या दोऱ्याशी घट्ट गाठ मारा.

झाली वही! पहिल्यांदा जमणार नाही असं वाटलं तर रद्दी कागदांवर एकदा शिवून बघा. दुसऱ्या वेळी हात आपोआप चालतो.

वही उन्हात, ओलाव्यात किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका. सुती कापडात गुंडाळून कपाटात ठेवा. पावसाळ्यानंतर एकदा काढा, कसर, वाळवी लागली नाही ना बघा आणि त्या निमित्तानं वाचासुद्धा. प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवलात तर आणखी चांगलं. लांबच्या नातेवाइकांना तो पाठवता येईल.

आई-बाबांसाठी चार ओळी

हे काम मुलांनाच करू द्या. टाके वाकडे येतील, फेविकॉल बाहेर येईल. येऊ द्या. वही सुबक व्हावी म्हणून तुम्ही ती पूर्ण करून टाकलीत, तर मुलांचा आहेर तुमचा होईल. तुम्ही फक्त एक करा. घरात वयानं सर्वांत मोठं कोण आहे, कुणाला ऐकू कमी येतं, कुणाला लिहिता येत नाही, हे मुलांना आधी सांगा आणि पहिलं पान घेऊन त्यांच्याकडेच पाठवा.

आणि मुलांनो, लग्न घरात नसेल तरी चालेल. आज संध्याकाळी एक पान आणि पेन घेऊन आजीजवळ बसा, आणि यादीतला शेवटचा प्रश्न विचारा.